रुईफुली काठ

अण्णा कुणाशीही बोलायला लागला की त्याची मान खाली जायची आणि उजव्या हाताची दोन बोटं समोरच्याच्या धोतराचा काठ चिमटीत धरायची. तुम्ही त्याला सांगत असता की घरात पाहुणे आलेत, धाकट्याला खोकला झालाय, विहिरीचं पाणी आटलंय. तो "व्हय, व्हय" म्हणत काठ चोळत असायचा. तुमचं सगळं सांगून झालं की मान हलवून म्हणायचा, "सूत चांगलं हाय. कुठनं घेतलं?" अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती आपल्या तोंडाकडे न बघता भलतीकडेच बघत असतात आणि तरी त्यांचा राग येत नाही.

बेळगावच्या शहापुरात तो विणकर होता आणि मी लुगड्यांच्या दुकानात गादीवर बसून घड्या मोडायचो आणि परत घालायचो. एकाच गल्लीत राहायचो. सगळी गल्ली त्याला अण्णा म्हणायची, मीही म्हणायचो. पण वयानं बरोबरीचे असल्यामुळे आमचं अरे-तुरे चालायचं. आईबाप लवकर गेले. धाकट्या भावांना त्यानं वाढवलं, त्यांची लग्नं करून दिली आणि ते इचलकरंजीला निघून गेले. घरात उरला तो आणि त्याची विधवा थोरली बहीण, आक्का. ती लग्नाचं बोलायला लागली की तो मागावर बसून धोटा जोरात फेकायला लागायचा. त्या खडखडाटातून त्याचं ठरलेलं उत्तर यायचं, "ताणा लांब हाय अजून. संपू दे, मग बघू." हा ताणा चाळिशी जवळ आली तरी संपायला तयार नव्हता.

त्याच्या मान खाली घालण्याला मात्र एक कारण होतं, आणि ते मी स्वतःच्या हातानं विकलं होतं. एके वर्षी त्यानं गडद निळं लुगडं विणलं. तांबडा काठ, काठात पिवळ्या रुईफुलांची ओळ. ते माझ्या गादीवर आलं आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी अण्णा धापा टाकत दुकानात हजर झाला.

"निळं कुठं हाय?"

"गेलं की. सकाळीच घाटाकडचं गिऱ्हाईक आलतं."

तो पायरीवर मटकन बसला. जेवताना त्याला अचानक आठवलं होतं की काठातलं एक फूल सुटलंय. मी म्हटलं, एवढ्या फुलांत एक नसलं तर कुणाला कळतंय? तो म्हणाला, "नेसणारीला कळंल. जवा जवा नेसंल तवा तवा मला शिव्या घालंल."

ते सुटलेलं फूल नेसल्यावर पावलाच्या जरा वर येईल अशा ठिकाणी होतं. तेव्हापासून अण्णाची नजर बायकांच्या पावलांच्या वर गेली नाही. बाजारात, देवळात, नळावर तो आपलं लुगडं शोधत फिरायचा. गल्लीतल्या बायकांचा याबद्दल वेगळाच समज होता. त्या आपापल्या नवऱ्यांना ऐकवायच्या, "शिका जरा अण्णांकडनं. कधी मान वर करून बघत न्हाईत." आम्ही नवरेमंडळी हे मुकाट ऐकून घ्यायचो.

एकदा जत्रेत तो एका बाईच्या मागोमाग तीन गल्ल्या चालत गेला. शेवटी तिचा नवरा वळला आणि बाह्या सावरत म्हणाला, "काय बघतोयस रं?"

"काठ," अण्णा म्हणाला. मान खालीच.

मी धावत जाऊन सगळी हकिकत सांगितली म्हणून निभावलं. तो भला माणूस शांत झाला, पण जाता जाता म्हणाला, "लुगड्यात माणूस बी असतंय, सांगा त्यास्नी."

अशा माणसाला मुलगी दाखवायला न्यायचं होतं.

आक्काला दम्यानं धरलं होतं. तिनं मला आणि रंगाऱ्याला बोलावून घेतलं. रंगारी म्हणजे आमचा तिसरा सोबती, कोपरापर्यंत कायम निळा असलेला. आक्का म्हणाली, "माझा काय भरवसा न्हाय. मी गेल्यावर ह्यो मागावर बसल्या बसल्या उपाशी मरंल आणि ह्याला कळणार बी न्हाय." निपाणीच्या अलीकडे, तवंदीचा घाट उतरल्यावर, एका तळ्याकाठी आमच्याच जातीतलं एक घर होतं. आजोबांच्या काळात माग सोडून ते शेतीला लागलेले. त्यांची भाची होती. आईबाप नसलेली, मामानं वाढवलेली. कामसू, पण वय जरा झालेलं. मामानं निरोप धाडला होता की बघून जा, पण होय की नाही ते लगेच कळवा. लोक येऊन जेवून जातात आणि नंतर तोंड दाखवत नाहीत. आक्कानं मला वेगळं बाजूला घेतलं. "तू नीट बघून ये. त्याच्यावर भरवसा ठिवू नको. नाक, डोळं, रंग, चालणं, सगळं मला येऊन सांग."

दिवस ठरला मार्गशीर्षातल्या अमावास्येचा. अमावास्येला आमच्याकडे माग बंद असतात, विणकराला सुट्टी तेवढीच. मुलगी बघायला अमावास्या कोण निवडेल? पण ही एळ्ळ अमावास्या होती. त्या दिवशी त्या भागातले शेतकरी बायकापोरांसकट रानात जाऊन जेवतात आणि वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून बसवतात. कुणी कशाला आलात विचारत नाही. अण्णाला आम्ही सांगितलं की तळं बघायला जायचं.

निपाणीच्या एका तंबाखूवाल्याची जुनी मोटार त्या वेळी बेळगावात मोकळी उभी होती आणि तिचा ड्रायव्हर हुसेन रंगाऱ्याचा दोस्त. टपाचं कापड फाटलेलं, भोंगा नावाला. ती मोटार बैलगाडीला मागं टाकायची खरी, पण चढावर तीच बैलगाडी पुन्हा तिला गाठायची. काकती गेली, वंटमुरीच्या घाटात पाणी उकळलं म्हणून थांबलो, हत्तरगीच्या पुढं एक गुऱ्हाळ दिसलं म्हणून थांबलो. कढईजवळ उभं राहून रस प्यायलो. संकेश्वरला रस्त्याकडेला मिरच्यांची लालभडक वाळवणं पसरली होती. अण्णा खाली उतरला आणि उकिडवा बसून बघत राहिला.

"असा तांबडा पडंल का रं तुझ्या हातनं?" त्यानं रंगाऱ्याला विचारलं.

"पडंल की. पर धुतल्यावर ऱ्हाणार न्हाय."

त्यावर त्यांचा जो वाद सुरू झाला तो घाट लागेपर्यंत चालला. आम्हाला कसलीच घाई नव्हती. सकाळचं कोवळं ऊन, दोन्ही बाजूंना ऊस आणि तंबाखू, आणि मागाचा आवाज कानावर नाही असा दिवस. मला तर वाटत होतं की मोटारीनं अशीच धापा टाकत जावं आणि तळं यायलाच नको.

घाटाच्या मध्यावर रंगाऱ्याच्या पोटात गोष्ट मावेना. त्यानं सांगून टाकलं.

अण्णा ताडकन सरळ बसला. मग हुसेनला म्हणाला, "मोटार उलटी फिरव."

"घाटात उलटी फिरत न्हाय," हुसेन म्हणाला. "खाली उतरून फिरवतो."

खाली उतरल्यावर समोर तळंच आलं. रस्ता थेट बांधावरून जात होता. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला खाली पसरलेली शेतं, पाण्यात टेकडीची सावली आणि काळ्या पाणकोंबड्यांची रांग. अण्णा मोटारीतून उतरला आणि चालू लागला. हुसेन त्याच्या मागं पावलापावलानं मोटार चालवत राहिला. रुसलेल्या नवऱ्या मुलाची अशी वरात कुणी पाहिली नसेल. बांध अर्धा संपल्यावर तो थांबला, पाण्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "आलोच हाय तर जेवून जाऊ. पर मला कुणी काय इचारायचं न्हाय."

शेत बांधाला लागूनच होतं. कडब्याच्या खोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून पूजा झालेली. मामा रानाच्या चारी बाजूंना भात शिंपडून येत होता. आम्हाला बघून त्यानं हाक मारली, "तळं बघाय आलाय न्हवं? बसा, बसा. जेवूनच जावा." तळ्याचं नाव घेताना तो हसला आणि आम्हीही हसलो. हुसेन मोटारीपाशीच थांबला, त्याचं जेवण तिकडे गेलं. आम्ही तिघं चिंचेखाली ओळीनं पत्रावळींवर बसलो. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांगी, कारळ्याची चटणी, शेंगांची पोळी.

मुलगी वाढायला आली. पदर डोक्यावरून पुढं ओढलेला. मी आक्काचा निरोप आठवून नाकाडोळ्यांकडे बघायच्या तयारीत होतो, तेवढ्यात अण्णाचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. त्याच्या हातातला घास पत्रावळीवर पडला होता.

"बघ," तो कुजबुजला. "निळं."

मी खाली बघितलं. तेच लुगडं. तांबडा काठ, पिवळी रुईफुलं. ती भाजी वाढून गेली, भाकरी वाढून गेली आणि आम्ही मान वाकवून वाट बघत राहिलो. मग ती दहीभाताचं पातेलं घेऊन आली आणि का कोण जाणे, आमच्या अगदी पुढ्यात येऊन स्थिर उभी राहिली. अण्णानं बोट दाखवलं. फूल होतं. पण ते मागावरचं नव्हतं. कुणीतरी सुईनं, जरा गडद पिवळ्या दोऱ्यानं, रिकामी जागा भरून काढली होती. बाकीच्या फुलांसारखं दिसावं म्हणून पाकळ्या मोजून घेतल्या होत्या. मी रंगाऱ्याला खुणावलं. तोही वाकला.

"रंग माझा हाय," तो हळूच म्हणाला. "इतकी वर्सं झाली, बघ, उतरला न्हाय."

आम्ही तिघं तसेच वाकलेले असताना वरून आवाज आला, "बघून झालं असंल तर दहीभात वाढू?"

आवाज चांगला खणखणीत होता. आम्ही चोरी पकडल्यासारखे ओशाळलो. अण्णा पत्रावळीला सांगावं तसं म्हणाला, "व्हय. बघितलं." तिनं दहीभात वाढला आणि ती निघून गेली.

परतताना बांधावर मोटार पुन्हा थांबली. मी म्हटलं, "अण्णा, मुलगी कशी वाटली?" तो म्हणाला, "तू सांग. तुला आक्कानं बघाय धाडलंय." मी रंगाऱ्याकडे बघितलं. रंगाऱ्यानं माझ्याकडे बघितलं. हळूहळू आमच्या ध्यानात आलं की तिघांपैकी कुणीही तिचं तोंड पाहिलेलं नाही. शेवटची आशा हुसेन. मोटारीत पाणी ओतायला ती स्वतः घागर घेऊन गेली होती.

"दिसायला कशी हाय रं?"

"दुसऱ्याच्या बायकांच्या तोंडाकडं आपण बघत न्हाय," हुसेन म्हणाला. "घागर जड हुती. एका हातानं उचलली तिनं."

दिवे लागायच्या वेळेला घरी पोचलो. आक्का दारातच बसली होती. "कशी हाय?"

मी म्हटलं, निळं लुगडं होतं. रंगारी म्हणाला, रंग पक्का आहे. मी म्हटलं, घागर एका हातानं उचलते. आक्कानं कपाळावर हात मारला. "तिघं गेलता. सहा डोळं गेलतं. आणि आनलं काय, तर लुगडं?"

तेवढ्यात अण्णा बोलला. "हुसेनसंगं व्हय म्हणून कळवा."

आक्का त्याच्याकडे बघतच राहिली. तो म्हणाला, "जिला ते सुटलेलं दिसलं, आणि दिसल्यावर शिव्या न घालता जिनं बसून ते भरलं, तिच्यासंगं माझं जमंल." या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा कशाला तरी होय म्हटलं होतं. आक्कानं पुढं एक शब्द विचारला नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती दम्यावर ढकलत होती.

लग्न फाल्गुनात, तळ्याकाठच्या त्याच गावात झालं. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली आला. मी अण्णाच्या मागंच उभा होतो. मुलीच्या चेहऱ्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत देवीचे दाट, खोल वण होते. रंगाऱ्यानं माझं मनगट घट्ट धरलं. अण्णा हार हातात घेऊन उभा होता आणि तिच्या तोंडाकडे बघत होता. एखाद्या माणसाच्या तोंडाकडे इतका वेळ बघताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. भटजींनी दोनदा खूण केली तेव्हा त्यानं हार घातला.

चार दिवसांनी तो दुकानात आला, माझ्या धोतराचा काठ धरून बसला. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाला, "तिनं मला सांगितलं. आधी जे जे आले ते तिचं तोंड बघून हात धुवून गेले. म्हणून त्या दिवशी दहीभात वाढताना तिनं पदर मुद्दाम मागं सारला. म्हणाली, काय बघायचं ते एकदाच बघू दे. मग मला म्हणाली, तुमी बघितलं आणि तरी व्हय म्हणालासा."

मी हातातली घडी खाली ठेवली. "मग तू?"

"मी काय म्हणणार? बघितलं हुतं म्हणालो." तो बराच वेळ काठ चोळत राहिला. "अंतरपाट खाली आला तवा काळजात धस्स झालं, खोटं कशाला बोलू. पर ती माझ्याकडं अशी बघत हुती, जणू आमची जुनी वळख हाय. मलाच लाज वाटली. तुमी दोघांनी तोंड उघडायचं न्हाय. हुसेनला बी सांगा."

"आणि ते फूल?"

"ते मामीचं लुगडं. दाखवायच्या दिवसापुरतं नेसलेलं. फूल मामीनं भरलंय. हिला सुईत दोरा ओवाय येत न्हाय." त्यानं माझ्या धोतराचा काठ सोडला. "म्हंजे लुगडं हिचं न्हवं, तोंड मी बघितलं न्हवतं. मग मी व्हय म्हणालो ते कुणाला?"

"मामीला," मी म्हटलं.

तो इतका हसला की मालक आतून बाहेर आले.

वैनी आली आणि गल्लीत शेतावरचा आवाज आला. बांधाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला हाक मारायची सवय, ती आमच्या चिंचोळ्या गल्लीत कशी मावणार? "अवं, वर बघा, कोण आलंय!" असं ती माजघरातून ओरडायची आणि अण्णा मागावरून वर बघायचा. आक्काला तिनं शेवटपर्यंत लेकीसारखं सांभाळलं. फाटलेलं शिवायचं काम अण्णाकडं असायचं. हळूहळू तो रस्त्यानंही वर बघून चालायला लागला आणि त्यामुळे नळावरच्या बायकांना अवघडल्यासारखं व्हायला लागलं. "लगीन झालं आणि अण्णा बिघडले," असं त्या म्हणायच्या. मी हे त्याला सांगितलं तेव्हा त्याला फार आनंद झाला.

दर एळ्ळ अमावास्येला ती दोघं तळ्यावर जायची. एकदोनदा मीही गेलो. बांधावर चालताना वैनी त्याला पाण्यातल्या पाखरांची नावं सांगायची आणि तो दुसऱ्या क्षणी विसरायचा. मग ती पुन्हा सांगायची.

महायुद्धात सूत मिळेनासं झालं. बरेच माग बंद पडले, अण्णाचाही पडला. त्यानंतरच्या पावसाळ्यात तापानं त्याला धरलं आणि आठवड्याच्या आत तो गेला. मूलबाळ नव्हतं. मी अजूनही कधी दुकानात काठ उलगडून दाखवताना थांबतो. हा चिमटीत धरायला तो यायला हवा होता असं वाटतं, आणि गिऱ्हाईक मला विचारतं, काय झालं.

वैनी मामाकडे कायमची निघाली त्या दिवशी दुकानात निरोप घ्यायला आली. हातात एक बोचकं होतं. पायरीवर बसली, पाणी प्याली. मग म्हणाली, "भावजी, जायच्या आदी एक इचारू? त्या दिवशी ह्यांनी मला खरंच बघितलं हुतं?"

रंग जाणार नाही, सूत फाटणार नाही, हे सांगण्यात माझा जन्म गेला. मी डोळ्याची पापणी न हलवता म्हटलं, "बघितलं होतं, वैनी. नीट बघितलं होतं. मी शेजारीच होतो."

ती हसली. "तुमी एका दमात सांगून मोकळं झालासा. ह्यांना तसं जमायचं न्हाय. मी इचारलं की 'बघितलं हुतं की' म्हणायचे, आणि मला खरं वाटावं म्हणून माझ्या तोंडाकडं टक लावून बघत बसायचे. लई येळ."

तिनं बोचकं उचललं आणि पायरी उतरली.

"म्हणून तर मी सारखी इचारायची."